पक्कं केलेलं कपाट

मी कपाट बोलतोय. व्याकरण म्हणेल, 'बोलतंय' म्हण. ना पुरुषांत, ना बायकांत, अशी आमची गत. तेव्हा या घरातल्या नवराबायकोच्या भांडणात माझी साक्ष कुणाच्याच बाजूची नाही, एवढं धरून चाला.

माझा जन्म सोलण्यातून झाला. कारखान्यात ओंडका गरगरा फिरवून त्याचे पातळ पापुद्रे काढतात, मग एक थर उभा, एक आडवा असे चिकटवून दाबतात. कुठल्या झाडाचं काय आलं, देव जाणे. वडाची साल पिंपळाला म्हणतात ना, तेच आमचं कूळ. पण प्लायवूड म्हणून नाक मुरडू नका. खिशाला परवडतो, सपाट खोक्यात मावतो आणि मला जोडायला सुतारही लागत नाही. फळ्या, स्क्रू, एक वाकडी किल्ली आणि चित्रांचा एक कागद, बस्स.

या घरातल्या बायकोनं मला त्याचसाठी घेतलं. तिचं लहानपण भाड्याच्या खोल्या बदलण्यात गेलं होतं, आणि दर खेपेला काही ना काही जड सामान मागे सुटायचं. दुकानात तिनं विचारलं, "गाव बदलायची वेळ आली तर उघडून नेता येईल ना हे?"

"ताई, हवं तितक्या वेळा उघडा, हवं तितक्या वेळा जोडा," दुकानदार म्हणाला. मी मनात फुशारलो.

घरी तिच्या नवऱ्यानं खोकं फोडलं. तो छापखान्यात कामाला, म्हणजे दिवसभर कागदांशीच गाठ. पण माझा कागद काही त्यानं वाचला नाही. "चित्रं काय बघायचीत त्यात," म्हणाला. मी उभा राहिलो आणि थोडा डुगडुगलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं अंगणच वाकडं होतं हो. फरशी एका कोपऱ्यात खचलेली होती.

"हे हलतंय रे," त्याच्या आई म्हणाल्या. "कुणाच्या अंगावर यायचं. पक्कं कर."

झालं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली असताना त्यानं मला उघडलं, प्रत्येक सांध्यात लाकडाचा गोंद भरला आणि पुन्हा आवळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. संध्याकाळी तिनं सांध्यातून ओघळून वाळलेला गोंद बोटानं चाचपला.

"अरे, हे उघडायचं होतं."

"कशाला? आता आपण कुठं जाणार आहोत?" तो हसला. त्यानं सगळं प्रेमानंच केलं होतं, म्हणून तिला रागावताही आलं नाही. आणि खोलीबाहेरचा बोळ इतका अरुंद की अख्खं कपाट तिथं उभं-आडवं कसंही वळत नाही. मी कायमचा अडकलो, हे त्या संध्याकाळी फक्त मला आणि तिला कळलं.

मग संसार सुरू झाला. माणसं कपाट उघडतात, बघत राहतात आणि काहीच न घेता बंद करतात, ही एक गंमत मी रोज पाहिली. तिची आणखी एक सवय होती. माझी दोन्ही दारं उघडून ती मधे उभी राहायची. आईंना वाटे, सूनबाई कपडे लावतेय. ती काहीही लावत नसायची. त्या घरात एकटं व्हायला तेवढीच जागा होती. तिचा श्वास माझ्या फळ्यांवर लागायचा आणि मला वाईट वाटायचं.

ती एका कंपनीत चष्म्याच्या काचा तपासायची. काचेतला बारीकसा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. एक दिवस ती उजळलेल्या चेहऱ्यानं आली. दुसऱ्या गावी कंपनीची नवी शाखा निघत होती, आणि तिथलं सगळं काम हिच्या हाती देणार होते. हवं होतं ते फक्त तिचं 'हो'.

तो छापखाना सोडू शकत नव्हता. आईंचे गुडघे जिना उतरू देत नव्हते. पण यातलं कुणी काही बोललं नाही. तो एवढंच म्हणाला, "आणि तुझं कपाट? ते कसं नेशील?"

आई हसल्या, तोही हसला. मग रोज तेच. जेवताना कपाट, चहाला कपाट. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून घर तिला अडवत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. जिनं मला सुटसुटीत म्हणून आणलं, तिच्याच पायात मी बेडी झालो, ही सल मला आतून कुरतडत होती.

शेवटी तिनं विचारलंच, "तू कपाटाबद्दल बोलतोयस की तुझ्याबद्दल?"

तो माझ्या दाराच्या मुठीशी चाळा करत बसला. मग हळूच म्हणाला, "माझ्याबद्दल."

"मग तसं म्हणायचं."

"म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. मग जन्मभर तुला तोंड दाखवायची लाज वाटली असती मला."

तिनं कंपनीला 'हो' कळवलं, आणि सुट्टीच्या दिवशी तो करवत घेऊन आला. आई म्हणाल्या, "वेड लागलं का तुला? चांगलं कपाट!"

"नव्या खोलीत हिनं काय खिळ्याला कपडे टांगायचे, आई?" म्हणत त्यानं माझ्या बरोबर कमरेवर करवत ठेवली. गोंद शेवटपर्यंत सुटला नाही, मीच तुटलो. ती फळी धरून उभी होती आणि दोघंही रडत होती. दुखलं मला, खोटं का बोलू, पण इतका हलका मी कारखान्यातून निघाल्यापासून कधी झालो नव्हतो. वरचा भाग आडवा करून त्यांनी बोळातून सहज बाहेर काढला.

बोलतोय तो खालचा.

माझ्या उघड्या डोक्यावर त्यानं एक फळी टाकली आहे. तिच्यावर बसून तो बूट घालतो आणि दर सुट्टीला बायकोकडे जातो. परत आला की आईंना सांगतो, तिचं काम कसं जोरात चाललंय, ती कशी मोकळी हसते. आई ऐकतात आणि पुन्हा विचारतात, "आणखी काय म्हणाली?" मीही ऐकतो. पाठ भिंतीला आणि चारही सांधे घट्ट. जोडणाऱ्यांवर माझा राग नाही, पण जोडताना सुटायची वाट ठेवत जा, बाबांनो. आणि पुढच्या सुट्टीला तिच्याकडे निघाल, तेव्हा मलाही न्या. कापावं लागलं तर कापा.