टेपखालची रेघ

"लावून बघ की, चिकटतोय का," असं म्हणत सहादेव मिस्त्रीने जुन्या स्पीकरमधून काढलेला वाटोळा चुंबक कल्याणच्या हातात ठेवला.

कल्याण दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभा होता. आत गोणपाटावर सायकलची नवी फ्रेम आडवी पडली होती. सकाळच्याच एसटीने नगरहून पार्सल आलं होतं. कल्याणने पाय बाहेर ठेवून, कमरेत वाकून, हात लांबवून चुंबक फ्रेमला टेकवला. चुंबक घरंगळून खाली पडला.

"आलमुनियम हाय," मिस्त्री म्हणाला. "लोखंडच न्हाई, तर शनवारचा काय संबंद?"

"आन् चेन? आन् चाकाच्या तारा?"

"त्या जुन्याच बसवायच्यात. तुमच्याच घरच्या हायेत."

"मंग तर बघायलाच नको. त्यांनीच पाडली असंल पोरीला." कल्याणने चुंबक परत दिला. "न्हाई मिस्त्री. शनवारचं लोखंड एकदा नडलंय. आज हितंच जोडा, हितंच ऱ्हाऊ द्या. उद्या ज्ञानू यील न्यायला."

मागची सायकल शनिवारी घेतली होती, हे त्याला अपघातानंतर आठवलं होतं. त्याआधीची तीन वर्षं ती सायकल घरात सुखाने नांदली, हे मात्र तो सोयीने विसरला होता.

ज्ञानू म्हणजे त्याची मुलगी ज्ञानेश्वरी. बारावीत. गिअरच्या, जाड टायरांच्या सायकलीवर डोंगरातल्या शर्यती मारायची. गेल्या जूनमध्ये वांबोरी घाट उतरताना तिसऱ्या वळणावर सीटच्या खाली फ्रेम मोडली. पोरगी कठड्यावर आपटली, खांद्याचं हाड दोन जागी मोडलं, आत पट्टी टाकावी लागली, आणि चार दिवसांवर आलेली राज्याच्या संघाची निवड हुकली. आता पंधरा दिवसांनी पुण्यात पुन्हा निवड होती. अठरा वर्षांखालच्या गटातली तिची ती शेवटची.

एका पडण्याचा गावाने आठ महिने जमाखर्च मांडला. कल्याणने ते शनीच्या नावावर टाकलं आणि पाच शनिवार शिंगणापूरला जाऊन तेल वाहून आला. तिच्या आईने, ज्योतीने, धाकट्या जावेच्या नजरेच्या नावावर टाकलं. दोघींचं बोलणं अजून बंद आहे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी कंपनीच्या नावावर टाकलं. चहाच्या टपरीवरच्या मंडळींना एवढ्या लांब जायची गरज वाटली नाही. पोरीच्या जातीने घाट उतरावाच कशाला, एवढ्यावर त्यांनी पान उलटलं.

सहादेव मिस्त्रीच्या नावावर मात्र कुणी काही टाकलं नाही. आणि सगळं होतं त्याचंच.

सायकल घेतली तेव्हा ज्ञानू चौदाची, चणीने बारकी, म्हणून फ्रेमही बारकी. पुढे पोरगी उसासारखी वाढली. दर तीन महिन्यांनी यायची, "बापू, गुडघं हँडलला लागत्यात," म्हणायची आणि मिस्त्री सीट बोटभर वर घ्यायचा. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसायला लागली की समजायचं, दांडा आत पुरेसा उरलेला नाही. मग बसणाऱ्याचं सगळं वजन फ्रेमच्या तोंडावर येतं आणि ते तोंड कधी ना कधी फाटतं. मागच्या मार्चमध्ये ही रेघ बाहेर आली. मिस्त्रीने ती पाहिली. क्रीडाशिक्षकांना दिसायला नको म्हणून तिच्यावर काळी टेप गुंडाळली, एकही सुरकुती न पाडता, आणि म्हणाला, "आजून एक वरीस निघतंय."

कारण काही फार थोर नव्हतं. मोठी फ्रेम म्हणजे नगरचं सावेडीतलं सायकलींचं काचेचं दुकान, आणि ते दुकान एकदा पाहिलेलं गिऱ्हाईक पुन्हा वांबोरीत फिरकत नाही हा पस्तीस वर्षांचा अनुभव. शिवाय सायकलीच्या आडव्या नळीवर त्याने स्वतःच्या हाताने स्टिकर लावलेला होता, 'सहादेव सायकल मार्ट, वांबोरी'. पुण्याला निवडीचे फोटो निघतील, त्यात तो यायचा होता.

जूनमध्ये मोडकी सायकल टेम्पोतून दुकानात उतरली, तेव्हा मिस्त्रीने पहिलं काम केलं ते टेप सोलून काढायचं. पोरीची चौकशी त्यानंतर केली.

खांदा बरा झाल्यावर त्यानेच कल्याणला निरोप धाडला की नवी फ्रेम मी देतो, पैशाचं नाव काढायचं नाही. हे केलं की छातीवरचा दगड थोडा हलेल असा त्याचा अंदाज होता. पण गावाने दगडावर हार घातला. 'आपली वांबोरी' या ग्रुपवर त्याचा पान्यासकट फोटो आला, खाली 'दानशूर', 'क्रीडाप्रेमी' आणि हात जोडल्याच्या पन्नास चित्रांची रांग. बायको केशरबाईने ते सगळं दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

"लोकं किती मानत्यात तुमाला," ती म्हणाली. "आन् तुमी त्वांड पाडून का बसताय? सुतक आल्यावानी."

त्या शनिवारी दिवसभर तो सायकल जोडत होता आणि कल्याण समोरच्या पायरीवर बसून पाहत होता. मिस्त्रीने जुन्या फ्रेममधून पायडलांचा एक्सल काढला. उजवीकडचे आटे उलटे असतात हे माहीत नसलेल्या माणसाने तिथे आयुष्य घालवलं असतं. हँडलचे कप लाकडाच्या ठोकळ्यावर हळूहळू ठोकून नव्या फ्रेममध्ये बसवले. फ्रेम दोन इंच मोठी, त्यामुळे जुन्या ब्रेकच्या वायरी आखूड पडल्या. त्या त्याने नव्या कापल्या. ग्रीस बोटाने भरलं. पस्तीस वर्षांत त्याने इतकं चोख काम केलं नव्हतं, आणि हे मार्चमध्ये केलं असतं तर, हा विचार त्याला प्रत्येक आट्यागणिक टोचत होता.

"कल्याण," तो शेवटी म्हणाला, "फ्रेम शनीनं न्हाई मोडली."

"मंग?"

"मी मोडली. सीट रेघेच्या भायेर काढली हुती. मला दिसत हुतं. वर टेप लावली."

कल्याण त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि मिस्त्रीला वाटलं, आता हा उठेल, पाना उचलेल. उचलला असता तरी बरं वाटलं असतं.

"मिस्त्री," कल्याण सावकाश म्हणाला, "तुमचं काळीज लई मोठं हाय."

"आरं, मी काय सांगतोय..."

"कळतंय मला. पोरीचं दुकनं सवताच्या अंगावर घेताय. पन हे मला नका सांगू. पाच शनवार उपाशी जाऊन तेल वाहिलंय मी. भावाच्या घरचं बोलनं तोडलंय बायकूनं. ते काय उगंच?" तो उठला, विजार झटकली. "आन् गावात तर बिलकुल बोलू नका. लोकं येडं म्हंतील."

तो गेला. मिस्त्रीचं खरं मानायचं तर त्याला फार काही परत घ्यावं लागणार होतं. त्यापेक्षा मिस्त्रीला थोर मानून टाकणं स्वस्त पडलं.

रविवारी सकाळी ज्ञानू आली. एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली. तिने सायकलीभोवती एक फेरी मारली, हँडल उचलून चाक फिरवलं, ब्रेक दाबून पाहिले.

"स्टिकर न्हाई लावला?"

"संपलेत," मिस्त्री म्हणाला. गल्ल्यात चारशे स्टिकर पडून होते.

त्याने तिला भिंतीला टेकून सीटवर बसवलं, पाय खाली सोडायला लावले, टाच पायडलला टेकते का ते पाहिलं आणि सीट घट्ट केली. रेघ चार बोटं आत गेली होती.

"घाटात बघू या का?" त्याने विचारलं.

तिने सायकल दाराकडे वळवली. मग म्हणाली, "चला."

ती पुढे, मिस्त्री मागे स्कूटरवर. चढाला लागल्यावर पोरगी उभी राहून पायडल मारू लागली आणि मिस्त्रीला स्कूटरचा गिअर बदलावा लागला. गिअर एकाखाली एक बिनबोभाट पडत होते. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तिने पहिल्याच वळणावर मागे टाकलं. माथ्यावर पोचल्यावर तिने पाय टेकला, तोंड लाल झालेलं, आणि ती हसलीसुद्धा.

"लई भारी चढती, बापू."

त्या हसण्यावर गप्प बसून चाललं असतं. पण तिला आता उतरायचं होतं, आणि मिस्त्रीला वाटलं, दोष कुणाचा हे कळलं तर ती निर्धास्त उतरेल. त्याने कल्याणला सांगितलं तेच तिला सांगितलं, आणखी दोन गोष्टींसकट. काचेचं दुकान आणि स्टिकर.

ती हँडलवर हात ठेवून ऐकत होती.

"मला वाटत हुतं, माझ्यामुळं मोडली," ती म्हणाली. "सर सांगायचे, उतारावर सीटवर टेकायचं न्हाई, उभं ऱ्हायचं. मी त्या दिशी दमले हुते. टेकले. खड्डा आला आन् मोडली."

"कुनाला बोललीस का?"

"न्हाई. आई काकूसंगं भांडली, आप्पा शिंगनापूरला चालत गेलते, मी गप. वाटायचं, खरं सांगितलं तर सायकल बंद करतील." तिने वर पाहिलं. "तुमाला रेघ कवा दिसली?"

"मार्चात."

तिने बोटांवर मोजलं नाही, पण मोजते आहे हे दिसत होतं.

"म्हंजी पडायच्या आदी."

"व्हय."

"टेप चांगली लावली हुती," ती म्हणाली. "मी सरांना कवतिकानं दाखवली हुती. बापूंनी लावली म्हून."



ती सायकलीवर चढली. माथा संपून रस्ता खाली वळतो तिथपर्यंत गेली आणि थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा गेली. दुसऱ्या वेळी दहा-बारा हात खाली उतरली असेल. ब्रेक करकचून दाबलेले, बोटं पांढरी, चाकं घसटत चाललेली. मग पाय टेकला. तिसऱ्यांदा ती सीटवर बसलीच नाही. नुसती उभी राहून खालची वळणं बघत राहिली.

"चूक तुजी नव्हती, ज्ञानू," मिस्त्री मागून म्हणाला. "सायकल पक्की हाय. मी सवता..."

"कळलं बापू," ती म्हणाली. "डोक्याला कळलंय. पाय ऐकंनात."

तिने सायकल हातात धरली आणि ती रस्त्याच्या कडेने चालायला लागली. मिस्त्रीने स्कूटर बंद केली आणि तोही ढकलत तिच्यामागे निघाला. तिसऱ्या वळणावर कठड्याला अजून निळ्या रंगाचा ओरखडा होता. ती तिकडे न बघता गेली. पंधरा दिवसांनी पुण्यात काय होणार हे दोघांनाही कळलं होतं.

मागून कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो आला, त्यांच्या शेजारी येऊन हळू झाला. चालवणारा ओळखीचा, गावातलाच.

"पंचर काय गं?"

मिस्त्रीने तोंड उघडलं.

"व्हय," ज्ञानू म्हणाली.

"आन् मिस्त्री मागं असून?" तो हसला. "मिस्त्री, फोटू निघाला म्हून काम सोडलं का?"

"सामान न्हाई आनलं त्यांनी," ती म्हणाली.

"टाका मागं. सोडतो खाली."

"नको दादा. आलंच आता."

टेम्पो निघून गेला. घाट अजून निम्माही झाला नव्हता. ती पुढे चालत होती, आणि चालतानाही तिने पुढचा ब्रेक दाबून धरला होता, म्हणून नवी सायकल अडत, धक्के खात तिच्याबरोबर खाली येत होती.