हात बाहेर ठेवून आंघोळ

तिगावच्या स्टेशनावर उत्तमजी गाड्यांचे रूळ बदलून देणारे पॉइंटमन होते. तेव्हाची एक गोष्ट ते अशी सांगत, की थंडीत त्यांच्या आंघोळीची वाफ टिनाच्या आडोशावरून इतकी उंच जाई, की एका मालगाडीच्या ड्रायव्हरने पुढे दुसरं इंजिन उभं आहे असं समजून आउटर सिग्नलपाशी पाऊण तास गाडी थांबवून धरली. ऐकणारा हसला की उत्तमजी गंभीर होत आणि त्या ड्रायव्हरचं गाव सांगत. गाव दर वेळी वेगळं निघे. वाफ तीच.

तर या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण आंघोळीवरूनच झालं, आणि तेही वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पांढुर्ण्याच्या घरात, एका घड्याळाशी.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात उत्तमजी बाथरूममध्ये घसरले. शेजारची अलका धावून आली तोवर ते किती वेळ पडून होते, याबद्दल दोन मतं आहेत. ते म्हणतात अर्धा दिवस, अलका म्हणते दहा मिनिटं. हाड शाबूत राहिलं, पण नागपुरात नोकरीला असलेली त्यांची एकुलती एक लेक दीपाली हादरली. पुढच्याच रविवारी ती एक काळं, चौकोनी घड्याळ घेऊन आली. ते म्हणे काळजाचे ठोके मोजून तिच्या फोनवर पाठवतं, आणि माणूस पडला तर आपणहून फोन लावतं. पडले बाथरूममध्ये, तेव्हा घड्याळ आंघोळीतही हातातच पाहिजे, अशी तिची अट होती. नाहीतर घराला कुलूप आणि बाबा नागपूरला, तिच्या तिसऱ्या मजल्यावर.

तिसऱ्या मजल्यावर उत्तमजी एकदा आठ दिवस राहून आले होते. तिथे सगळं होतं, फक्त रुळांचा आवाज नव्हता. पांढुर्ण्याला त्यांना खाटेवर पडल्या पडल्या कळे, की गेली ती भरलेली मालगाडी की रिकामी. नागपुरात फक्त लिफ्ट वर गेली की खाली, एवढंच कळे. आठव्या दिवशी ते लिफ्टबद्दलही गोष्टी रचू लागले, तेव्हा आपण इथे टिकणार नाही हे त्यांना समजलं.

म्हणून त्यांनी अट मान्य केली. घड्याळ दिवसभर घातलं, झोपेत घातलं. पण बाथरूमच्या दाराशी गेले की उजवा हात आपोआप डाव्या मनगटाकडे जाई आणि पट्टा सुटे. तिसऱ्या दिवशी दीपालीचा फोन आला.

"बाबा, रोज सात ते सव्वासात तुमचं काळीज बंद पडून राहिलं. मराचा टाइम ठरवून घेतला काय तुमी?"

उत्तमजींनी सांगितलं की पांढुर्ण्याचं पाणी जड आहे, परदेशी घड्याळाला सोसणार नाही. दीपालीने सांगितलं की ते घालून लोक समुद्रात पोहतात. मग तिचा आवाज खाली आला. "मले उद्यापासून ठोके दिसले पायजे. नाई तं येत्या रविवारी गाडी घेऊन येऊन राहिली मी."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, घालायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. पण त्या पट्टा सोडण्यामागे तीस वर्षं होती.

लग्नात सासऱ्यांनी सौंसरवरून एक चावीचं घड्याळ आणलं होतं, रुमालात चार पदरी बांधून. पट्टा चामड्याचा, पाण्याचा वैरी. तिगावच्या क्वार्टरमागे टिनाचा आडोसा होता आणि आडोशाबाहेर एक सपाट दगड. उत्तमजी आत गेले की कोरडा हात टिनाबाहेर काढत. दगडावर बसलेली त्यांची बायको इंदू पट्टा सोडे आणि घड्याळ स्वतःच्या हातात घाली. ते तिला इतकं ढिलं होई की सरकत कोपराशी जाऊन बसे. मग ती डाळ निवडी, शेंगा सोली, स्टेशनमास्तरच्या बायकोची नक्कल करी, आणि शेवटी म्हणे, "साडेसहा झाले जी. निघा आता."

आतून उत्तर जाई, "निघालो."

निवृत्तीनंतर पांढुर्ण्याला घर बांधलं, तेव्हा उत्तमजींनी भांड्यांच्या आधी तो दगड बैलगाडीत घातला होता. बाथरूमच्या दाराशी तो अजून आहे. इंदूला जाऊन चार वर्षं झाली. घड्याळ घालून आंघोळ करायची म्हणजे बाहेर दगडावर कोणी नाही, हे कबूल करायचं. ते उत्तमजींच्या हाताला जमत नव्हतं.

दीपालीच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी रेल्वेच्या माणसाला शोभेल अशी तोड काढली. घड्याळ हातात राहील, पण हात बाथरूमबाहेर राहील. दार वीतभर उघडं ठेवून त्यांनी डावा हात आडवा बाहेर काढला, जुन्या सिग्नलसारखा, आणि उजव्या हाताने साबण लावला. दीपालीला ठोके दिसले. तिने फोनवर शाबासकी दिली. उत्तमजींना वाटलं, आपण लेकीलाही फसवलं नाही आणि घड्याळालाही भिजवलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी अलका कढी द्यायला अंगणात आली. दारातून एक हात आडवा आलेला तिने पाहिला. बिचारे काकाजी टॉवेल मागत असतील, असं समजून तिने दोरीवरचा टॉवेल काढून त्या हातावर टाकला आणि गेली. उत्तमजींनी तो टॉवेल तसाच वागवत आंघोळ पुरी केली.

शनिवारी मात्र गडबड झाली. एक हात बाहेर, एका हातात साबण, डोळे मिटलेले. आणि साबण सुटला. उजवा हात त्याच्यामागे गेला, पाय उजव्या हातामागे गेला, आणि उत्तमजी बादलीवर जाऊन बसले. बादली आडवी झाली, तेही आडवे झाले. तीन दिवस आडवा राहिलेला सिग्नल शेवटी पडला.

घड्याळ किंचाळू लागलं. काचेवर काहीतरी विचारत होतं, पण चष्मा बाहेर होता. फेसाळ बोटाने त्यांनी तीनदा दाबून पाहिलं, काच ऐकेना. मग मनगटातूनच दीपाली बोलली.

"बाबा? पडले काय? लागलं काय?"

कमरेला मुका मार सोडून काही लागलं नव्हतं. पण आता रविवार समोर दिसत होता. उत्तमजींनी सुरुवात केली, की एक वांदर बाथरूममध्ये शिरलं, चांगलं पाच फुटांचं, आणि साबण घेऊन…

"बाबा," दीपाली म्हणाली. "खरं सांगा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वांदर पुढे नेता आलं नाही. फेसात बसून त्यांनी खरं सांगितलं. हात बाहेर, दार उघडं, टॉवेल, सगळं. मग दगडाचं सांगितलं. आणि म्हणाले, "तुही माय बाहेर बसून टाइम सांगे. घड्याळ आत नेलं का थे उठून जाते."

 उत्तमजींनी कुलूप कुठलं लावायचं याचा विचारही करून टाकला.

"बाबा, एक सांगू?" दीपाली म्हणाली. "आई तुमचं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढं करे. तुमी सगळं गरम पानी संपवत म्हून. अन् तुमी निघाच्या आधी परत मागं करे. कधी कधी चावी मले फिरवाले दे."

 ज्याच्या झेंडीवर गाड्या हालत, तो माणूस तीस वर्षं स्वतःच्या आंघोळीत खोट्या वेळेवर चालला होता. त्यांना एकदम आठवलं, की टॉवेल गुंडाळून बाहेर आलं की इंदू घड्याळ पाठीमागे धरून हसत असे. ते समजत, आपल्या उघड्या अंगाला हसते.

"मोठी लबाड होती," ते म्हणाले.

"तुमच्याहून," दीपाली म्हणाली.

रविवारी गाडी आली, पण कुलूप लागलं नाही. गाडीतून पाय घसरू न देणारी रबरी चटई निघाली आणि बसायला प्लास्टिकचा स्टूल. अट बदलली. दाराला आतून कडी नाही, आंघोळ बसून, दोन्ही हात आत, आणि आंघोळ संपेपर्यंत घड्याळावर फोन चालू.

सोमवारी सातला उत्तमजी बाथरूममध्ये गेले. डावा हात दाराबाहेर काढला, पट्टा सोडला, आणि घड्याळ दगडावर ठेवलं. ते आधीच दीपालीच्या आवाजात बोलत होतं. नागपुरात कुकरची शिटी झाली, दीपालीने ऑफिसातल्या एका बाईची नक्कल केली, आणि पाण्याच्या आवाजातून तीही उत्तमजींना ऐकू आली. ठोके त्या दिवशी कोणी मोजले नाहीत.

थोड्या वेळाने दगडावरून आवाज आला, "सव्वासात झाले. निघा आता."

उत्तमजींनी दाराच्या फटीतून समोरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पाणी गरम होतं, पाच मिनिटं हक्काची होती.

त्यांनी नळ बंद केला.

"निघालो," ते म्हणाले.