चार खणांचा जिना

मी दाक्षायणीच्या लग्नातलं कपाट बोलतोय. उंची साडेपाच फूट, अंग सागाचं, वर दोन दारं, एका दाराला आरसा आणि खाली ओढायचे चार खण. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात माझा मुक्काम आहे.

जन्म मात्र मंगळवेढ्याचा. दाक्षायणीचे वडील महादेवप्पा ज्वारीचे शेतकरी. लेकीला भांडी तर सगळेच देतात, आपण कपाट द्यायचं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. रावजी सुतारानं त्यांच्याच अंगणात मला सव्वा महिना घडवलं. दर संध्याकाळी महादेवप्पा यायचे, खण आत-बाहेर करून बघायचे आणि म्हणायचे, "रावजी, लेकीला जोर लावाय लागू नये बरं का." रावजी पुन्हा रंधा मारायचा. शेवटी माझे खण असे गुळगुळीत झाले की एका बोटानं बाहेर यायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

लग्नानंतर मी एसटीच्या टपावर आडवा होऊन सोलापूरला आलो. कंडक्टर म्हणाला, "पावनं, ह्येचं अर्धं तिकीट काढाय लागंल की!" सगळी गाडी हसली.

दाक्षायणीचा नवरा मल्लिकार्जुन सायकली दुरुस्त करायचा. लोकांच्या सायकलीचा एकेक नट तो जीव लावून आवळायचा. मला मात्र भिंतीला टेकवलं आणि हात झटकले. खालची शहाबादी फरशी पुढच्या बाजूला जराशी उतरती होती. त्यामुळे मी किंचित पुढं झुकलेला असायचो. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

बहात्तर सालच्या श्रावणात घरात मुलगी आली. नाव ठेवलं ईरम्मा, पण सगळी गल्ली तिला चिन्नी म्हणायची. माझा सगळ्यात खालचा खण तिचा झाला. त्यात तिची झबली, टोपडी आणि एक खुळखुळा. आईच्या कडेवर असली की ती माझ्या आरशाकडे झेपावून स्वतःचेच पापे घ्यायची. आरसा ओला व्हायचा. दाक्षायणी पुसायची, की ही पुन्हा हजर.

चिन्नीला चढायचं वेड होतं. ती पाटावर चढायची, ज्वारीच्या डब्यावर चढायची, बापाच्या सायकलीच्या पेडलवर चढायची. ती कुठंही चढली की घरात टाळ्या पडायच्या. "बघा, बघा, माकडीण कशी चढली!" शेजारीपाजारी बघायला यायचे. टाळ्या ऐकून ती अजून वर बघायची. माणसांची ही एक गंमत आहे. मूल चढताना ती हसतात आणि पडलं की त्यालाच रागावतात.

आणि दुसरी गंमत म्हणजे, मुलाच्या हाती जे लागू नये ते सगळं माझ्या डोक्यावर ठेवायचं. कात्री, औषधाची बाटली, खाऊचा पितळी डबा. "आता न्हाय पोचायची," असं म्हणून दाक्षायणी निर्धास्त व्हायची. मी वरून बघायचो, तर खाली दोन काळेभोर डोळे त्या डब्यावरच खिळलेले असायचे.

पंच्याहत्तरच्या संक्रांतीला महादेवप्पा नातीला भेटायला आले. सोबत हुरडा आणला होता. घरात आनंदीआनंद होता. दाक्षायणीनं तिळाचे लाडू वळले, डबा गच्च भरला आणि नेहमीसारखा माझ्या डोक्यावर ठेवला.

सकाळची वेळ. नळाला पाणी आलं म्हणून दाक्षायणी घागर घेऊन अंगणात गेली. तिला वाटलं, चिन्नी बापाजवळ आहे. मल्लिकार्जुन दाराबाहेर सायकल पुसत बसला. त्याला वाटलं, चिन्नी अज्जाजवळ आहे. अज्जा म्हणजे महादेवप्पा तर त्याच खोलीत होते, पण माझ्याकडे पाठ करून रेडिओचं बटण फिरवत होते. त्यांना वाटलं, पोर आईच्या मागं गेली.

चिन्नी माझ्यासमोर उभी होती.

तिनं खालचा खण ओढला. मग दुसरा, मग तिसरा. एका बोटानं यायचे ना ते! तिला घरातल्या घरात जिना सापडला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला. मी हललो. आयुष्यात पहिल्यांदा माझे मागचे पाय फरशीवरून सुटले. मला ओरडता आलं असतं तर अख्ख्या सोलापूरला ऐकू गेलं असतं. चिन्नी तिसऱ्या खणावर गुडघा टेकत होती आणि मी तिच्या अंगावर निघालो होतो.

तेवढ्यात शेजारच्या गोजरबाई तिळगूळ द्यायला दारात आल्या. विड्या वळणारी, हाडापेरानं दणकट बाई. वाटी तिथंच टाकून त्या धावल्या. खांदा मला लावला आणि दुसऱ्या हातानं चिन्नीचा झगा धरून तिला बाजूला खेचलं.

"धावा की रं! कपाट आलं!"

पितळी डबा पडला तो चिन्नीपासून वीतभर अंतरावर. आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. महादेवप्पा वळले, मल्लिकार्जुन आत धावला आणि दोघांनी मिळून मला मागं ढकललं. माझा एक पाय गोजरबाईंच्या अंगठ्यावर आला होता. पण त्यांनी खांदा काढला नाही, मी सरळ उभा राहीपर्यंत.

खोलीभर लाडू घरंगळत होते. त्यांच्या मधोमध चिन्नी बसली होती. तिनं एक लाडू उचलला, चावला आणि म्हणाली, "ग्वाड!"

दाक्षायणी दारात आली. तिची घागर हातातून सुटली. लेकीला छातीशी धरून ती आधी रडली आणि मग हसली. मग सगळ्यांची बोलणी एकमेकांत मिसळली.

"मला वाटलं, तुमच्यापाशी हाय."

"मला वाटलं, मामांपाशी हाय."

महादेवप्पा खाली मान घालून बसले. "मी खोलीतच होतो, पोरी," एवढंच म्हणाले.

गोजरबाई अंगठा धरून जमिनीवर टेकल्या होत्या. "आता कुनी कुनाला बोलू नगा," त्या म्हणाल्या. "तीन मोठी मानसं घरात, आनि डोळा एकाचाबी न्हाय. ह्येच्या म्होरं 'वाटलं' म्हनायचं न्हाय. हितनं उठायचं तर त्वांडानं इचारायचं, 'चिन्नी कुनाकडं?' समोरचा 'माज्याकडं' म्हनला, की मगच पाय उचलायचा. कळलं का?"

"व्हय," मल्लिकार्जुन शाळेतल्या मुलासारखा म्हणाला.

दुपारीच तो दुकानातून लोखंडी पट्टी आणि लांब बोल्ट घेऊन आला. माझ्या पाठीला पट्टी बसवली, पुढच्या पायांखाली फळीचे तुकडे सारले आणि भिंतीला भोक पाडायला लागला. भिंत निघाली पातळ. पलीकडून आवाज आला, "अवं मल्लिकार्जुन, माज्या घरात ह्ये कुनाचं बोट आलं?"

सगळे पलीकडे धावले. बोल्टाचं टोक गोजरबाईंच्या भिंतीतून बाहेर डोकावत होतं. मल्लिकार्जुन माफी मागायला लागला. गोजरबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. नट माज्याकडनं आवळ, म्हंजी लई घट बसंल." तेव्हापासून मी उभा या घरात आहे आणि मला धरून ठेवणारा नट त्या घरात. त्यावर त्यांची बाजाराची पिशवी लटकते.

माझं डोकं रिकामं झालं. खाऊचा डबा स्वयंपाकघरातल्या कुलूपवाल्या पेटीत गेला. खणांना बाहेरून लाकडी खिट्ट्या लागल्या. पुढच्या रविवारी मल्लिकार्जुन पान्यांची पिशवी घेऊन गल्लीतल्या घरोघरी फिरला. कुणाची मांडणी, कुणाचं पुस्तकांचं शेल्फ, कुणाचं लोखंडी कपाट, सगळी भिंतीला जखडली. मागं पोरांची वरात होती. प्रत्येक घरी चहा झाला. महादेवप्पांनी मुक्काम चार दिवस वाढवला आणि चारही दिवस नातीवरची नजर काढली नाही. रेडिओ बिचारा मुका बसला होता.

आणि "चिन्नी कुणाकडं?" हा घरातला खेळच झाला. ती मधे उभी राहून स्वतःच विचारायची, "मी कुनाकलं?" मग चारी बाजूंनी एकच गलका व्हायचा, "माझ्याकडं!"

आता एकोणऐंशी साल चालू आहे. माझं पॉलिश उतरलंय. आरशातला तडा तसाच आहे. दाक्षायणी आरसा बदलू देत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी भिंतीला नुसतं टेकून उभं असेल. त्याला एकदा हात लावून हलवून बघा. त्याच्या डोक्यावर काय ठेवलंय ते बघा. आम्ही वाईट नसतो हो. आम्हाला फक्त लहान आणि मोठ्या हातांतला फरक कळत नाही. आणि पोर घरात आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ते कुणाच्या डोळ्यांसमोर आहे, तेवढं विचारत चला.

आज पाडवा. सकाळी चिन्नी नवा परकर नेसून माझ्या कडेला पाठ लावून ताठ उभी राहिली. मल्लिकार्जुननं कानावरची पेन्सिल काढली.

"टाचा उचलू नको ग," दाक्षायणी म्हणाली.

"न्हाय उचलल्या, अव्वा! बघ की!"

दाक्षायणीनं वाकून खरंच बघितलं. दोन्ही टाचा फरशीवर होत्या. मग माझ्या अंगावर रेघ उमटली, गेल्या पाडव्याच्या रेघेहून चार बोटं वर.