एकशे चाळीस वेळा

“थट्टा करायला आलेय का मी इथं?” मी अख्ख्या वर्गासमोर विचारलं.

स्टेशनवरच्या स्फोटाच्या बातम्या बघून मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, ते मोजायचं काम. तीन महिने झाले तरी चॅनेलवाल्यांचं दळण संपत नव्हतं. शाळोशाळी फॉर्म भरून घेण्यात माझी वीस वर्षं गेलीत. नववीतल्या पोरांनी मला बनवायचं काम नाही. ‘गेल्या आठवड्यात ती दृश्यं किती वेळा पाहिली?’ यापुढे खिडकीजवळच्या मुलीनं लिहिलं होतं, एकशे चाळीस. ‘पाहून काय वाटतं?’ याखाली भीती, राग, झोप उडते, असे चौकोन होते. ते सगळे कोरे. बाजूला लिहिलेलं, ‘बरं वाटतं.’

पन्नासच्या वरचा आकडा म्हणजे थट्टा, तो फॉर्म बाद, हा आमच्या साहेबांचा नियम. मी तिच्यादेखत लाल रेघ मारली. वर म्हटलंही, “माणसं मेलीत तिथं. जनाची नाही, मनाची तरी ठेव!”

मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती.

“त्यात माझे पप्पा आहेत,” ती म्हणाली. “निळ्या शर्टातले. स्टेशनच्या जिन्यावरून उतरतात, घड्याळ बघतात. नऊ सेकंद. मग मी मोबाइल बंद करते. पुढचं तुम्ही बघा. तुम्हाला मोजायचंय ना?”

मागे उभ्या वर्गशिक्षिकेनं मान खाली घातली. आधी सांगायला काय झालं होतं हिला? पण रेघ तर मी मारली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोरा फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

“चुकलं माझं, बाळा. पुन्हा भर.”

“बाळा म्हणू नका. मी एकदा खरं लिहिलंय.”

ऑफिसात मीच तो फॉर्म कोऱ्या फॉर्मवर जसाच्या तसा उतरवला. तोच आकडा, तेच दोन शब्द. साहेबांना सगळं सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, “वाईट झालं हो. पण बाई, एका मुलीपायी आमची सरासरी बोंबलेल. बाद करा.”

“तुम्हीच करा,” म्हणत मी लाल पेन पुढे केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना उलट बोलले.

त्यांनी पट्टी शोधली. आकड्यावर रेघ मारली, मग ‘बरं वाटतं’वर. अगदी सरळ.

“घ्या तुमचं पेन,” ते म्हणाले.

मी ते घेतलं नाही.