टाकीचा मारुती

लोणखेड्याच्या दोधूने बैलजोडी विकून जुनी मोटार घेतली, तेव्हाच गावाने त्याला शहाण्यांतून वगळलं होतं. तरी मोटार चालली. तळोदा ते शहादा, माणसं, कोंबड्या, मिरच्यांची पोती, सगळं घेऊन. आठवडाभर गुमान चालायची. शनिवार आला की मात्र तिच्या अंगात यायचं. चार मैल गेली की खोकायची, दोन आचके द्यायची आणि भररस्त्यात गप्प.

दोधूने काय कमी केलं? प्लग काढून घासले. तारा बदलल्या. पेट्रोल बायकोच्या जुन्या लुगड्यातून गाळलं. मोटार थांबली की तो फुंकायचा, ठोकायचा, टाकीत काडी बुडवून पेट्रोल बघायचा, शेवटी उतारूंना ढकलायला लावायचा, आणि ती सुरू व्हायची. दहा औषधं एकदम दिल्यावर गुण कुठल्याचा आला, हे वैद्यालाही सांगता येत नाही.

मग त्याने डोकं चालवलं आणि तिथेच घात झाला. फक्त शनिवारी मोटारीत कोण असतं? सासू! गजराबाई दर शनिवारी तळोद्याहून लेकीला भेटायला यायची. "मामीना पायगुणच तसा शे," असं तो सासूबद्दल चार उतारूंपुढे बोलून बसला. ते त्याच्या बायकोच्या, दगूबाईच्या कानावर गेलं. "मन्ही मायना पाय वाईट, तं मन्हा बी वाईटच," म्हणत तिने बोचकं बांधलं आणि माहेर गाठलं. तेही त्याच्याच मोटारीतून, बुधवारी. मेली मोटार तेव्हा एकदाही थांबली नाही.

दोधूने महिनाभर करपलेल्या भाकरी खाल्ल्या. भाकरीचं दुःख नव्हतं, दगूबाईवाचून घर खायला उठत होतं. शेवटी तो तळोद्याला जाऊन सासूच्या उंबऱ्याशी मान खाली घालून उभा राहिला.

गजराबाई म्हणाली, "जवाईबोवा, पोरले धाडसू. पण शनवारले, नि मी बी संगे बठसू. वाटमा एक डाव मोटार थांबनी, तं पोर मन्हा संगे गाडामा वापस. मंग कधीच धाडाव नई."

आणि खरंच, शनिवारी पहाटेच तिने आपल्या म्हाताऱ्या गड्याला, उखाला, रिकामी बैलगाडी घेऊन पुढे पाठवून दिलं.

दोधूचा आता सगळा भरवसा मारुतीवर. म्हणजे टाकीच्या झाकणावर. मोटारीची टाकी काचेच्या पुढे होती आणि तिचं गोल पितळी झाकण मधोमध वर आलेलं. मोटार घेतल्यापासून दोधू त्यालाच मारुती मानून दर शनिवारी तळोद्याहून निघताना तेल-शेंदूर लावायचा आणि रविवारी मोटार धुताना पुसून काढायचा. आज तर त्याने शेंदराचे तीन थर चढवले. झाकण लाडवाएवढं झालं.

मोटार निघाली ती वाऱ्यासारखी. पुढच्या बाकावर सासू, मागे दगूबाई बोचकं मांडीवर घेऊन. चौथ्या मैलावर उखाची गाडी दिसली. दोधूने भोंगा वाजवत तिला मागे टाकलं, जरा जास्तच वाजवला. भोंग्याचा आवाज विरतोय तोच मोटार खोकली. दोन आचके. गप्प.

मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज हळूहळू जवळ आला. उखा शेजारी येऊन थांबला आणि म्हणाला, "दोधूभाऊ, भोंगा तं चांगला शे."

दगूबाई बोचकं घेऊन खाली उतरली. तिचे डोळे भरले होते. ते पाहून दोधूला मोटार नदीत ढकलावीशी वाटली. काहीतरी करायचं म्हणून त्याने पेट्रोल बघायला झाकण फिरवलं. फुस्स!

"काय वाजनं?" गजराबाईने विचारलं.

"थांबनी का दर डाव वाजस, मामी," दोधू रडवेल्या सुरात म्हणाला.

तिने झाकण त्याच्या हातून ओढून घेतलं, उलटं केलं. आतून बारीक भोक दिसत होतं. तिने ते तोंडाला लावून चुलीत फुंकर घालावी तसं गाल फुगवून फुंकलं. वारा पलीकडे जाईना. ओठ मात्र कडेच्या शेंदराने लाल झाले. पेट्रोलची चव लागली तशी ती पचकन थुंकली.

"हाई भोक कोनी बुजं?"

"मामी, तो देव शे!"

"मंग देवनं नाक बुजी टाकं तुम्ही! तेलना डबाले एकच भोक पाडं, तं तेल पडस का? दुसरा भोकमातीन वारा जावाले नको?"

दोधू बघतच राहिला. शनिवारी सासू येते आणि शनिवारीच शेंदूर लागतो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

गजराबाईने बाभळीचा काटा मोडून भोक कोरलं. अटीप्रमाणे लेक तिची झाली होती. गाडीही शेजारी उभी होती. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

"मोटार काही थांबनी नई," ती म्हणाली. "ती जवाईनी थांबाडी. ते मोजामा नई. बठ वं पोरी मोटारमा."

त्यानंतर मोटार थांबली ती थेट लोणखेड्यात, दोधूच्या दारात. शेजारीपाजारी जमले. दगूबाई घरात गेली. गजराबाई मात्र बाकावरून हलेना.

"आते सांगा जवाईबोवा, समदासना मोहरे. कोना पाय वाईट?"

दोधूने हात जोडले. "पाय कोनाच वाईट नई, मामी. मन्हा हात वाईट."

तेवढ्यात घरातून दगूबाईचा आवाज आला, "हाऊ तवा कोनी जाळा वं माय?"

"तेबी मन्हाच हात," दोधू ओरडला आणि आनंदाने आत पळाला.