मुद्दाम चुकवलेला नेम

भिसेगावच्या विमलचा कॅरममध्ये हात धरणारं कुणी नव्हतं. तरी भावाची नऊ वर्षांची सानवी समोर बसली, की ती मुद्दाम नेम चुकवायची. पोरीचा फुललेला चेहरा पाहून तिला बरं वाटायचं.

गणपतीत सोसायटीत स्पर्धा झाली. सानवी मोठ्या ऐटीत गेली आणि पहिल्याच फेरीत सपाटून हरली. घरी येऊन म्हणाली, "आत्या, तू मला मुद्दाम जिंकवत होतीस ना?"

विमलला खोटं बोलवेना. "हो गं."

"मग मला खरंच खेळता येतं का, हे मला कसं कळणार?"

विमलने बोर्ड मांडला, पावडर टाकली आणि या वेळी मनापासून खेळली. सानवीच्या आठ सोंगट्या बोर्डावरच राहिल्या. आपण जरा जास्तच केलं, असं विमलला वाटून गेलं. पण पोरगी रडली नाही. तिने वाकून विचारलं, "राणी कडेला आपटून आत कशी गेली? परत दाखव."

विमल तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचा हात धरून स्ट्रायकर कुठे ठेवायचा ते दाखवू लागली. त्या दिवशी सानवी आणखी दोन डाव हरली. जेवायला मात्र दोघींना तीनदा हाक मारावी लागली.