शकूच्या दारावरून

शरच्चंद्र स्वारगेटला उतरले तेव्हा पाठीवर मुलाची ट्रेकिंगची सॅक होती आणि चपलांत वाळू. एका रिक्षावाल्याने कर्वेनगरला यायला नकार दिला, मग दुसऱ्याने. एरवी शरच्चंद्रांनी दोघांनाही धंदा कसा करावा यावर चार शब्द ऐकवले असते. खडकीच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस, साहेबालाही सोडलं नव्हतं. आज मात्र ते मुकाट्याने बसच्या रांगेत उभे राहिले.

कारवारला थोरला भाऊ दीनानाथ आजारी होता. बंदरातल्या नोकरीसाठी गेला तो तिकडचाच झाला, पुण्याला लग्नाकार्यापुरता यायचा. आता डॉक्टरांनी हात टेकलेत, भेटून जा, असं श्यामलावहिनींनी कळवलं म्हणून शरच्चंद्र गेले. दादा उशीला टेकून बसला होता. सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. बोलणं झालं ते हवापाण्याचं. शरच्चंद्रांना वाटलं होतं, गलबलून येईल, निदान घसा तरी दाटेल. कसलं काय! आत सगळं बधिर. निघायची वेळ झाली तशी त्यांनी सॅक उचलली, चपला घातल्या आणि एक शब्द न बोलता पायऱ्या उतरले.

घरी जावंसंही वाटेना. मग ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर निघाले. पाय दुखले की एसटी, एसटी नसली की पुन्हा वाळू, खाडी आडवी आली की होडी. या वयात पाठीवर एवढं ओझं घेऊन हिंडणारा म्हातारा बघून गोव्यात परदेशी पोरं कौतुकाने हात हलवायची, आणि हे कुणाला म्हणून शरच्चंद्र मागे वळून बघायचे. समुद्र छान होता. छान आहे एवढं त्यांना कळत होतं, त्यापलीकडे काही नाही. वेंगुर्ल्याला ते अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरले, डोक्यावरून अंघोळ केली आणि ओलेत्यानेच पुढे चालू लागले. मालवणात मावसबहीण शकूचं घर अगदी रस्त्यावर होतं. अंगणात तिचे पापड वाळत होते. शरच्चंद्र कुंपणापाशी थबकले आणि आत न जाता निघून गेले. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

आनंदीबाईंनी दार उघडलं आणि नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पाणी घेणार, की तेही चालत नाही, असं त्यांनी विचारलं. शरच्चंद्रांना काही उमजेना. तेव्हा बाईंनी सांगितलं, की शकूने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. सख्खा मावसभाऊ कारवारहून येतो आणि दारावरून तसाच पुढे जातो, म्हणजे तो दुखवट्याच्या घरून आलेला, हे तिने ताडलं. रडत रडत तिने कारवारला फोन लावला. फोन उचलला दीनानाथनेच.

मग त्यांनी नवऱ्याची उलटतपासणी घेतली. निघताना काय बोललात? अंघोळ कुठे केलीत? शरच्चंद्रांनी खरं ते सांगितलं. बाई बराच वेळ गप्प राहिल्या, आणि पुण्यात बाई गप्प राहिली म्हणजे प्रकरण गंभीर.

“येतो म्हणाला नाहीत. डोक्यावरून अंघोळ केलीत. वाटेत कुणाचा उंबरा ओलांडला नाहीत,” त्या म्हणाल्या. “अहो, माणूस जिवंत आहे अजून. तुम्ही त्याला पोचवून आलात की.”

शरच्चंद्र सोफ्याच्या कडेवर टेकले. सॅक पाठीवरच होती. आपण हे जाणूनबुजून केलं नव्हतं, पण केलं होतं एवढं खरं. दादा जाणार हे सोसेना म्हणून त्यांनी त्याला आधीच घालवून टाकलं होतं. आणि ते त्या घरातल्या सगळ्यांनी, दादानेसुद्धा, पाहिलं होतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं.

आनंदीबाईंनी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो दीनानाथच्या कानाशी धरला असावा, कारण आधी नुसता श्वास ऐकू आला.

“शरू,” दादा म्हणाला, “तू गेल्यावर मी श्यामलाला विचारलं, हा येतो म्हणाला का गं? ती म्हणाली, म्हणाला असेल, तुम्हाला ऐकू आलं नसेल. माझे कान चांगले आहेत रे.”

आनंदीबाई समोर उभ्या होत्या. नवऱ्याच्या पाठीवरची सॅक उतरवायला त्यांनी हातही लावला नाही.

“येतो, दादा,” शेवटी ते म्हणाले. “उद्याच्या गाडीनेच येतो.”

पलीकडे दादा खाकरला.

“ये. आणि येताना शकूकडे जेवून ये. बिचारी माझ्यासाठी फार रडली.”

शरच्चंद्रांनी फोन ठेवला आणि हमसाहमशी रडू लागले. आनंदीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि दोघांची तिकिटं काढायला लागतील, असं सांगून त्या आत गेल्या.